तिकीट रद्द कोणी केलं? रिफंडचं भांडण इथूनच सुरू होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडिलांना पुण्याहून दिल्लीला आणि तिथून पुढे देहरादूनला जायचं होतं. पुणे-दिल्लीचं तिकीट एका बजेट विमान कंपनीचं, ओळखीच्या एजंटाकडून काढलेलं. दिल्ली-देहरादूनचं दुसऱ्याच कंपनीचं, मुलाने स्वतः मोबाइलवरून काढलेलं. पहाटेचं पुणे-दिल्ली विमान रद्द झालं आणि ते विमानतळावर पोचल्यावर कळलं. कारण विचारलं तर ‘ऑपरेशनल रीझन’. पुढची जागा थेट दुसऱ्या दिवशीची, म्हणून दोघं घरी परतले. आता हेल्पलाइनवर एकदा सांगतात क्रेडिट शेल तयार केलाय (म्हणजे पैसे पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच जमा), दुसऱ्यांदा सांगतात पैसे एजंटाकडे पाठवलेत. एजंट म्हणतो, माझ्याकडे काहीच आलेलं नाही. देहरादूनच्या तिकिटावर ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी आलेच नाहीत असा शेरा लागला, त्यामुळे तिथेही शून्य. यात हक्काचं काय मिळतं आणि ते कोणाकडे मागायचं?

मी पुण्यात तिकिटांचीच एजन्सी चालवते. त्यामुळे कंपनी, एजंट आणि प्रवासी या तिघांचे पैसे कुठल्या वाटेने जातात आणि कुठे अडतात, ते रोज बघते. तुमच्या प्रकरणात बऱ्यापैकी पैसे परत मिळण्यासारखे आहेत. पण फोनवर कोण काय म्हणालं ते आता सोडून द्या. आधी एक गोष्ट शोधून काढा: कंपनीच्या सिस्टिममध्ये हे तिकीट कोणी रद्द केल्याची नोंद आहे? कंपनीने, की प्रवाशाने?

हा फरक किती मोठा आहे ते एका तिकिटावर बघू. समजा माणशी ४,८०० रुपये भरलेत. त्यातलं मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून ३,९००, बाकीचे ९०० म्हणजे जीएसटी, विमानतळाचं वापर शुल्क, सुरक्षा शुल्क वगैरे. प्रवाशाने आपण होऊन तिकीट रद्द केलं तर कंपनी कॅन्सलेशन चार्ज लावू शकते. तो मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असता कामा नये, अशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मर्यादा आहे. स्वस्तातल्या तिकिटांवर हा चार्ज त्या मर्यादेला जाऊन टेकतोच. म्हणजे हातात येणार ते ९०० च्या आसपास. कंपनीने उड्डाण रद्द केलं असेल तर पूर्ण ४,८०० परत, आणि सूचना वेळेत दिली नसेल तर वर भरपाई. तिकीट तेच, विमान तेच. नोंद कोणत्या रकान्यात पडली त्यावर हजारो रुपये इकडचे तिकडे होतात.

चुकीच्या रकान्यात नोंद पडते कशी, तर बहुतेक वेळा घाईने. बातम्यांत ‘अनेक उड्डाणं रद्द’ असं दिसतं, माणूस घाबरतो आणि अॅपवरचं ‘कॅन्सल’ दाबतो. कंपनीने तोवर ते विमान रद्द केलेलंच नसतं. ते दोन तासांनी करतात. पण तुमचं तिकीट त्याआधी तुमच्या हाताने गेलेलं असतं. कधी हे काम एजंट करतो. गिऱ्हाइकाचा फोन येतो, ‘विमान रद्द झालंय, पैसे परत घ्या’, आणि तो नेहमीच्या पॅनलवरून नेहमीसारखं कॅन्सलेशन टाकून देतो. तिथे कारणाचा पर्याय निवडायचा असतो, तो बघितलाच जात नाही. आणखी एक जागा म्हणजे वेळ बदलल्याचा मेसेज. त्यात ‘नवी वेळ मान्य’ असं बटण असतं. ते सहज म्हणून दाबलं की तुम्ही पर्यायी विमान स्वीकारलं असं धरतात आणि पूर्ण परताव्याचा रस्ता अवघड होतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते की कंपनीचा स्वतःचा रद्द झाल्याचा मेसेज किंवा मेल येईपर्यंत कशालाही हात लावू नका. आला की त्याचा स्क्रीनशॉट, आणि मग कंपनीच्या वेबसाइटवर रद्द उड्डाणांसाठी जी वेगळी सोय असते तिथे पीएनआर टाकून रिफंडचा पर्याय निवडा.

तुमच्या बाबतीत एजंटाला आजच विचारा: ‘तुम्ही या पीएनआरवर काही केलं होतं का? केलं असेल तर कोणत्या तारखेला, किती वाजता?’ तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. विमान सुटायच्या वेळेआधी त्याने काही केलेलं नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

आता नियम काय म्हणतो ते. डीजीसीएच्या सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्समध्ये, म्हणजे विमान कंपन्यांसाठीच्या नियमांत (सीएआर), विभाग ३, मालिका एम, भाग ४ हा उड्डाण रद्द होणं, उशीर होणं आणि जागा नाकारणं यासाठी आहे. रिफंडसाठी त्याच मालिकेतला भाग २. हे दोन्ही कागद डीजीसीएच्या वेबसाइटवर सगळ्यांना उघडे आहेत आणि तक्रारीत त्यांचं नाव घेतलं की समोरच्याची भाषा बदलते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

भाग ४ प्रमाणे कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवलं तर तुम्हाला मान्य असेल ते पर्यायी विमान किंवा रिफंड. दोन आठवड्यांच्या आत पण २४ तास आधीपर्यंत कळवलं तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत निघणारं पर्यायी विमान किंवा रिफंड. यातलं काय घ्यायचं ते प्रवासी ठरवतो. आणि असं वेळेवर कळवलंच नाही, तर प्रवाशाला मान्य असेल ते पर्यायी विमान द्यायचं, नाहीतर पूर्ण रिफंडच्या वर भरपाई द्यायची. भरपाई प्रवासाच्या नियोजित वेळेवर ठरते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, दोन तासांपेक्षा जास्त असेल तर १०,०००. पण या आकड्यांपुढे एक अट आहे आणि ती कुणी मोठ्याने सांगत नाही: ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. पुणे-दिल्लीचं नियोजित उड्डाण दोन तासांच्या वर जातं, त्यामुळे तुम्हाला १०,००० चा वर्ग लागू होतो. पण वरच्या उदाहरणासारखं ३,९०० चं भाडं असेल तर माणशी ३,९०० मिळतील. तरी दोघांचे मिळून रिफंड आणि भरपाई धरून १७,४०० होतात. सोडून देण्यासारखी रक्कम नाही.

भरपाई नाकारायला कंपनीकडे दोन वाटा आहेत. पहिली वाट तुमच्या लक्षात आलेली नसेल. प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिलेला नसेल तर भरपाई लागू होत नाही. एजंटाने काढलेल्या तिकिटात नंबर कोणाचा असतो? बहुतेक वेळा एजंटाचा. त्याच्या ऑफिसच्या फोनवर मध्यरात्री मेसेज जातो, ऑफिस सकाळी दहाला उघडतं, आणि तुमचे वडील पहाटे लोहगाव विमानतळावर टॅक्सीतून उतरलेले असतात. कंपनी म्हणते, आम्ही कळवलं होतं. आमच्या धंद्यात आपला नंबर टाकण्याची सवय जुनी आहे. गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट कंपनीकडे जाऊ नये ही त्यातली भीती. मला ही सवय अजिबात मान्य नाही. प्रवास करणाऱ्याचा नंबर आणि मेल तिकिटात असलाच पाहिजे, आणि घरात वयस्कर माणसं प्रवास करत असतील तर मुलाचाही. आता तुमच्या प्रकरणात सूचना कोणत्या नंबरवर, किती वाजता गेली ते कंपनीकडून लेखी मागायचं. मेसेज एजंटाच्या नंबरवर गेला असला तरी वाद संपत नाही. तो उड्डाणाच्या काही तास आधी गेला असेल तर २४ तासांची मर्यादा तशीही मोडलेलीच आहे.

दुसरी वाट म्हणजे कारण. कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींमुळे उड्डाण रद्द झालं तर भरपाई नाही. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण, सुरक्षेचा धोका, पूर, दंगल, सरकारी आदेश, संप, अशा गोष्टी त्यात येतात. रिफंड मात्र तेव्हाही पूर्णच द्यायचा असतो. हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि काउंटरवर ते मुद्दाम किंवा न कळत एकत्र केले जातात: ‘वेदरमुळे झालंय, काही मिळणार नाही’. वेदरमुळे भरपाई जाते, तिकिटाचे पैसे जात नाहीत.

‘ऑपरेशनल रीझन’ हे कारणच नाही. त्या दोन शब्दांत विमान कमी पडलं, वैमानिक कमी पडले, तांत्रिक बिघाड झाला, प्रवासी कमी भरले, काहीही मावतं. यातलं काय होतं ते लेखी मागा. कंपनी ‘दिल्लीत धुकं होतं’ असं म्हणाली तर त्याच तासात पुण्याहून दिल्लीला दुसऱ्या कंपन्यांची विमानं गेली का, हे उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या अॅपवर बघता येतं. त्या पहाटे विमानतळावरच्या बोर्डाचा फोटो काढलेला असेल तर सोन्याहून पिवळं.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचं जे झालं ते यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. वैमानिकांच्या ड्युटीच्या आणि विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. आठवड्याची विश्रांती आधीच्या टप्प्यातच ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती, आता रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली होती. कंपनीने त्या हिशोबाने माणसं लावलेली नव्हती आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणं रद्द झाली. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने रखडलेले सगळे रिफंड ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत पूर्ण करायला सांगितले, अडकलेल्या बॅगा ४८ तासांत पोचवायला सांगितल्या, आणि बाकीच्या कंपन्यांनी संधी साधू नये म्हणून भाड्यावर मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००. ३ ते ५ डिसेंबर या दिवसांत ज्यांचे फार हाल झाले त्यांना कंपनीने १०,००० रुपयांची व्हाउचर जाहीर केली, तीही नियमातल्या भरपाईच्या वर. माणसांचं नियोजन न जमणं ही गोष्ट हाताबाहेरची मानता येत नाही, असाच याचा अर्थ आहे. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की एरवी आठवडे लावणारे रिफंड ठरवलं तर दोन दिवसांत होतात. तुम्हाला ‘प्रोसेसला वेळ लागतो’ असं सांगितलं की हे आठवा.

आता पैसे अडकलेत कुठे, ते. हे नीट समजून घ्या, कारण तुमची खरी गाठ इथेच आहे.

बजेट कंपन्यांचं तिकीट एजंट उधारीवर काढत नाही. त्याने कंपनीकडे, किंवा एजंटांनाच तिकिटं विकणाऱ्या एखाद्या मोठ्या बी-टू-बी पोर्टलकडे, आगाऊ पैसे भरून ठेवलेले असतात. तिकीट निघालं की त्या शिल्लकेतून रक्कम वजा होते. रिफंड आला की तो तिथेच परत जमा होतो. तुमच्या खात्याशी, तुमच्या जीपेशी कंपनीचा काही संबंध नसतो. तिच्या दृष्टीने पैसे देणारा एजंट आहे. म्हणून ‘एजंटाकडे पाठवले’ हे कंपनीचं म्हणणं खरं असू शकतं. आणि एजंटाचं ‘आले नाहीत’ हेसुद्धा खरं असू शकतं, कारण गल्लीतला एजंट पुष्कळदा कंपनीचा थेट एजंट नसतो. तो पोर्टलचा सब-एजंट असतो, आणि पैसे वरच्या पायरीवर थांबलेले असतात. कधीकधी पैसे शिल्लकेत आलेले असतात आणि एजंटाने त्यावर पुढची तिकिटं काढून टाकलेली असतात. हेही होतं. मी याच धंद्यातली असले तरी ते झाकणार नाही.

यावर उपाय साधा आहे. एजंटाकडे त्या पीएनआरसमोरची लेजरमधली, म्हणजे त्याच्या खातेवहीतली, ओळ मागा. प्रत्येक पोर्टलवर आणि प्रत्येक कंपनीच्या एजंट लॉगिनमध्ये खात्याचा उतारा निघतो. त्यात तिकीट काढल्याच्या दिवशीची वजावट आणि रिफंड आला असेल तर जमा, दोन्ही तारखेसह दिसतात. बाकीच्या ओळी झाकून फोटो पाठवायला दोन मिनिटं लागतात. जो एजंट खरं बोलतोय तो लगेच पाठवेल. दुसऱ्या बाजूने कंपनीकडे लेखी मागा: रिफंड कधी दिला, किती, कोणत्या खात्यात आणि संदर्भ क्रमांक काय. ही दोन उत्तरं शेजारी ठेवली की पैसे कुठल्या पायरीवर आहेत ते कळतं. एक मात्र पक्कं समजा: एजंट हा कंपनीनेच नेमलेला प्रतिनिधी आहे, त्यामुळे एजंटामार्फत घेतलेल्या तिकिटाचा रिफंड पोचवण्याची जबाबदारी कंपनीचीच, असं भाग २ स्पष्ट म्हणतो. त्यासाठी कंपनीला थेट तिकिटापेक्षा जास्त दिवस दिलेत. तुमची मुदत कधीच उलटून गेली आहे. क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडून घेतलेल्या तिकिटाला सात दिवस, आणि रोखीने कंपनीच्या काउंटरवर घेतलेल्या तिकिटाला लगेच, असा नियम आहे.

एजंटाने तुमच्याकडून घेतलेलं सेवा शुल्क वेगळं. ते आधी सांगून, पावतीवर दाखवून घेतलं असेल तर ते सोडून द्यावं असं मी म्हणेन. काम त्याने केलेलं आहे. तिकिटात मिसळून गुपचूप घेतलं असेल तर सोडू नका. तिकिटावर छापलेली रक्कम आणि तुम्ही दिलेली रक्कम ताडून बघा.

क्रेडिट शेलबद्दल. रिफंडची रक्कम कंपनीकडे जमा ठेवून पुढच्या प्रवासाला वापरायची की पैसे घ्यायचे, हा निर्णय प्रवाशाचा. कंपनीने आपण होऊन शेल करून टाकायचा नाही, असं त्याच भाग २ मध्ये लिहिलंय. शेल तुमच्या नावाने दिसत असेल तर तो वापरू नका. त्यातून शंभर रुपयांचं जेवण बुक केलं तरी तुम्ही तो स्वीकारला असं म्हणायला जागा होते. शेलवर लोकांचा राग कुठून आला तेही सांगते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कंपन्यांनी सरसकट शेल केले. ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने लॉकडाउनच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे तीन आठवड्यांत परत करायला लावले. बाकीच्या तिकिटांसाठी, ज्या कंपन्यांना पैशाची अडचण होती त्यांना शेलची मुभा मिळाली, पण त्यावर दरमहा आधी अर्धा टक्का आणि जुलै २०२० पासून पाऊण टक्का वाढ द्यायची, तो दुसऱ्याच्या नावाने वापरता यायचा, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत वापर झाला नाही तर पैसे परत. महामारीतसुद्धा शेलला एवढ्या अटी लागल्या. आज एका पहाटेच्या रद्द विमानासाठी तो तुमच्या गळ्यात मारण्याचं काही कारण नाही.

बजेट कंपनीत पैसे पडून राहू देणं तसंही धोक्याचं. गो फर्स्टने ३ मे २०२३ पासून उड्डाणं थांबवली, दिवाळखोरीचा अर्ज दिला, आणि पुढची तिकिटं काढून बसलेले प्रवासी एका रात्रीत घेणेकऱ्यांच्या रांगेत, तेही शेवटी, जाऊन उभे राहिले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी विसर्जित करण्याचा आदेश झाला. ज्यांनी क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते त्यांच्या हातात निदान एक दार होतं: सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत फिरवून, मागणं. त्याला मुदत असते, त्यामुळे कार्डाने भरलेल्या तिकिटाचा रिफंड रखडला तर बँकेला लवकर कळवायचं. तुम्ही एजंटाला यूपीआयने पैसे दिलेत, त्यामुळे हे दार तुम्हाला नाही.

देहरादूनचं तिकीट. इथे मी खोटी आशा लावणार नाही. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असते तर पुढचं विमान चुकण्याची जबाबदारीही पहिल्या कंपनीवर आली असती. वेगळ्या पीएनआरवर, वेगळ्या कंपनीचं तिकीट म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी तुम्ही न आलेले प्रवासी. तरीही पूर्ण शून्य नाही. प्रवास झालाच नाही तर विमानतळाचं वापर शुल्क आणि सरकारी कर प्रवाशाला परत द्यायचे असतात, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी, नो-शो असला तरी, आणि ते परत करण्याचं वेगळं शुल्कही लावायचं नाही. कंपनी ते आपण होऊन देत नाही, मागावं लागतं. दुसऱ्या कंपनीच्या साइटवर नो-शोच्या करपरताव्याचा अर्ज शोधा. उरलेलं मूळ भाडं पहिल्या कंपनीकडून नुकसान म्हणून मागायचं, पण ते डीजीसीएच्या नियमाखाली नाही, ग्राहक आयोगात. तिथे ते मिळेलच असं नाही; मागणीत मात्र लिहाच. पुढच्या वेळी दिल्लीला जोडविमान असेल तर एकाच पीएनआरवर काढा, निदान हिवाळ्यात तरी. दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यात तीन तासांचं अंतर ठेवूनही माणसं अडकतात.

आता कृती. फोन बंद. कंपनीच्या वेबसाइटवर नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, आणि त्यावरच्या अपील अधिकाऱ्याचा मेल दिलेला असतो. नोडल ऑफिसरला एक मेल, मजकूर साधारण असा:

‘पीएनआर अमुक, पुणे-दिल्ली, तारीख अमुक. हे उड्डाण कंपनीने रद्द केले. दोन्ही प्रवासी वेळेत विमानतळावर हजर होते. त्यांनी पर्यायी उड्डाण स्वीकारलेले नाही आणि प्रवास केलेला नाही. क्रेडिट शेलला त्यांची संमती नाही. तरी सीएआर विभाग ३, मालिका एम, भाग २ प्रमाणे संपूर्ण तिकीट रक्कम आणि भाग ४ प्रमाणे दोन प्रवाशांची भरपाई द्यावी. उड्डाण रद्द होण्याचे नेमके कारण, सूचना कोणत्या क्रमांकावर व किती वाजता पाठवली, आणि रिफंड दिला असल्यास तारीख, रक्कम व संदर्भ क्रमांक लेखी कळवावा.’

सोबत तिकीट, विमानतळावरचा काही पुरावा (टॅक्सीची पावती चालेल, प्रवेशद्वारावरच्या नोंदीचा मेसेज चालेल) आणि एजंटाला पैसे दिल्याची नोंद. मेल इंग्रजीत पाठवलात तर उत्तर लवकर येतं, हे व्यवहाराचं सांगते. त्यात विमानतळावर काय काय हाल झाले ते लिहू नका. आईला साखरेचा त्रास आहे आणि चार तास काही खायला मिळालं नाही, हे आयोगापुढे सांगायचं. नोडल ऑफिसरपुढे ते लिहिलं की उत्तरात चार ओळी दिलगिरी येते आणि पैशाचा मुद्दा गळतो.

उत्तर आलं नाही किंवा गोल गोल आलं तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, आधीच्या मेलसह. तिथली तक्रार नंबर लागून कंपनीच्याच नोडल ऑफिसरकडे जाते, पण आता तिच्यावर मंत्रालयाची नजर असते आणि ती मोजली जाते; डीजीसीए दर महिन्याला कंपनीनिहाय तक्रारींचे आकडे प्रसिद्ध करतं. रिफंडची तक्रार इथे सुटण्याचं प्रमाण मी चांगलं बघितलंय, भरपाईची मात्र अडते. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, नोंद करा. मराठीतून बोलता येतं.

एक धोका सांगून ठेवते, कारण अशाच अडचणीतल्या माणसांना तो गाठतो. कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका. शोधात वर येणारे कित्येक नंबर ठगांचे असतात. ‘रिफंडसाठी हे अॅप टाका, स्क्रीन शेअर करा, दहा रुपये पाठवून खातं पडताळा’ असं म्हणतात आणि खातं साफ करतात. एक्सवर कंपनीला उद्देशून तक्रार लिहिली की पाच मिनिटांत हुबेहूब नावाच्या खोट्या खात्यांवरून ‘डीएम करा’ असे मेसेज येतात. नंबर घ्यायचा तो तिकिटावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

एवढं करून महिन्याभरात पैसे आले नाहीत तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही फार मोठी सोय आहे. तिकिटाची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्याने फी नाही. वकील सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. कंपनी आणि एजंट दोघांनाही प्रतिवादी करा. एजंट ओळखीचा आहे म्हणून त्याला वगळलंत तर कंपनी सगळं त्याच्यावर ढकलून मोकळी होईल. मागणीत रिफंड, भरपाई, देहरादूनच्या तिकिटाचं नुकसान, व्याज, मनस्ताप आणि खर्च असं वेगवेगळं लिहा. मजकूर लिहायला अडलात तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. आयोगात निकालाला वेळ लागतो, पण नोटीस पोचल्यावर आणि सुनावणीची तारीख पडल्यावर पुष्कळ कंपन्या तडजोडीला येतात. तेव्हा व्हाउचर पुढे करतील, ते घेऊ नका. खात्यात रक्कम मागा.

आयोगात जायची मुदत घटनेपासून दोन वर्षं आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ भरपूर आहे. पण एजंटाच्या लेजरची ओळ या आठवड्यात मागून घ्या. छोट्या एजन्स्या पोर्टल बदलतात, लॉगिन बंद होतात, आणि मग ती ओळ कुणाकडूनच निघत नाही.